टोककान्यांचं पान

बोलणं हे माझं काम नाही. माझं काम लिहून घ्यायचं, आणि ते मी इमानेइतबारे केलं. तरी आज बोलतेय, कारण एक गोष्ट मला सगळ्यांच्या आधी कळली होती आणि ती मी कुणालाच सांगू शकले नाही. ते काही मनातून जात नाही.

मी एक वही. काळ्या पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापडाची पट्टी. माझी बांधणी जरा वेगळी आहे. एक पान रेघांचं, एक कोरं, असं शेवटपर्यंत. अशी वही दुकानात मिळत नाही. मला ताईने आपल्या धाकट्या भावासाठी मुद्दाम बांधलं.

ताई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. लांबट खोली, वर पत्रा, भिंतींना मुरलेला खळीचा वास. एका टोकाला कागदाच्या घड्या घालणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला कागद कापणारं. दोन्ही सुरू झाली की टेबलावरची कात्री आपोआप सरकायची. तिथली माणसं बोलायच्या भानगडीत पडतच नसत. 'आणखी दोन गठ्ठे', 'चहा आला', 'मालक येतोय', सगळं बोटांनी चालायचं. त्या कापायच्या यंत्राजवळ ताई एकोणीस वर्षं उभी होती.

मला मात्र तिने जेवणाच्या सुट्टीत बांधलं, सगळं बंद असताना. उरलेल्या चांगल्या कागदाची आठ-आठ पानं जुळवून सुईदोऱ्याने शिवली, पाठीला खळ लावली, वजनाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी काढून उघडून पाहिलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली, "एका बाजूला लिहील, एका बाजूला चित्रं काढेल. लहानपणी गणिताच्या वहीत चित्रं काढून खूप मार खाल्लाय त्याने."

तो धाकटा म्हणजे माझा मालक. मी त्याला धाकटाच म्हणते, कारण ताईच्या तोंडी तेच असायचं. आई-वडील लवकर गेले, ताईनेच त्याला वाढवलं. आता तो जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवून काढायचा आणि ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. आठवडाभर दुसऱ्यांच्या हद्दीच्या रेघा ओढायच्या आणि रविवारी स्वतःचे नकाशे काढायचे, कुठेच नसलेल्या जागांचे.

रविवारी दुपारी तीनला त्याच्याकडे चौघं जमत आणि एक खेळ खेळत. तो खेळ असा. एकजण सूत्रधार. तो एक जग सांगतो, तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो, आणि त्या फाशाला वीस तोंडं असतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जात राहते, वर्षानुवर्षं.

सूत्रधार अर्थात धाकटा. दुसरा औषधवाला. दिवसभर औषधांच्या दुकानात हळू आवाजात 'जेवणानंतर घ्या' सांगणारा हा माणूस इथे खुज्यांपैकी एक व्हायचा. खुजे म्हणजे ठेंगणी, दणकट, दाढीवाली खाणीतली माणसं. तो टेबलावर मूठ आपटून बोलायचा. तिसऱ्या बाई. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि खेळात चिमणमाणूस व्हायच्या. ही जमात कमरेएवढी, खादाड आणि हाताने हलकी. बाईंचं पात्र दिसेल ते चोरायचं आणि बाई खूश व्हायच्या. चौथी ताई. ती टोककान्यांपैकी. ही उंच, टोकदार कानांची, शेकडो वर्षं जगणारी जात. तिच्या पात्राचं नाव घार, कारण घारीसारखी नजर. कुठल्याही बुरुजावरून शत्रू आधी तिलाच दिसायचा.

सहा वर्षं त्यांची मोहीम बर्फाच्या डोंगरांत चालली होती. ती संपली आणि धाकट्याने मला उघडून पहिल्या पानावर लिहिलं, 'नवी मोहीम. जंगल.'

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. नवं जग उभं करायचं म्हणजे जुन्या जमाती उचलून तशाच तिथे ठेवता येत नाहीत. डोंगरातला खुजा दलदलीत काय करणार? हात-दीड हात खणलं की पाणी लागतं. मग धाकट्याने त्यांना उन्मळून पडलेल्या महावृक्षांच्या मुळांत राहायला नेलं. लोखंड तिथल्या ओलीत आठवड्यात गंजतं, म्हणून त्यांच्या हातात काळ्या लाकडाच्या कुऱ्हाडी दिल्या आणि भट्टीऐवजी डिंकाच्या कढया. चिमणमाणसांची शेतीवाडी गेली, ती विणलेल्या लव्हाळ्याच्या तराफ्यांवर नदीत राहू लागली आणि त्यांच्या बोटांमध्ये बदकासारखं कातडं आलं. अर्धदैत्य दाराच्या दीडपट उंच, वेलींत अडकायचे. त्यांना त्याने वाकवलं आणि खांद्यावर पक्ष्यांचे थवे बसवले. कोऱ्या पानावर चित्र, समोर रेघांवर माहिती. त्याची पेन्सिल टोकदार असायची आणि हात जड. आजही माझी ती पानं मागून चाचपली तर अक्षरं बोटाला लागतात.

भांडणंही होत. पहिलं दाढीवरून झालं.

"ओलीत दाढीला बुरशी येणार," धाकटा म्हणाला. "मुंग्या होणार. जंगलातल्या खुज्यांना दाढी नाही."

"मग मी नाही," औषधवाला म्हणाला.

"अरे, विचार कर ना जरा."

"केला. सहा वर्षं वाढवलेली दाढी आहे ती. बर्फाच्या लांडग्याने अर्धी खाल्ली, तरी वाढवली. तू कोण काढणारा?"

दोन आठवडे ते यावर बोलत होते. शेवटी औषधवाल्यानेच तोड काढली. खुजे दाढीला डिंक लावून वेणी घालतात, ती दोरासारखी कडक होते, मुंग्या लांब राहतात. धाकट्याने तसं माझ्यात लिहिलं आणि चित्रही काढलं. औषधवाल्याने ते चित्र इतका वेळ न्याहाळलं की मलाच संकोच वाटला.

मग टोककान्यांचं पान आलं.

धाकट्याने वर लिहिलं, 'नजर'. थोडा वेळ पेन्सिल चावली, मग ते खोडून शेजारी लिहिलं, 'कान'. दाट जंगलात दहा हातांपलीकडे दिसत नाही. मग डोळे काय कामाचे? टोककाने शेंड्यांवर राहतात, धुक्यात जगतात, आणि त्यांना दीड मैलावरची मुंगी चालल्याचं ऐकू येतं. त्याने त्यांचे कान मोठे काढले, पानासारखे वळणारे. खाली बावीस आवाजांची यादी केली. बेडूक एकदम गप्प झाले, तर साप. ओली फांदी मोडली, तर जड पाऊल. दोर करकरला, तर सापळा.

ताईला त्याने हे वाचून दाखवलं तेव्हा ती त्याच्यासमोर बसली होती. ती नेहमी तशीच बसायची, पाठ खिडकीकडे, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर.

"डोळे ठेव ना तिचे थोडे," ताई म्हणाली.

"जंगलात डोळे ठेवून काय करणार? आणि कान किती भारी आहेत बघ. सगळ्यांच्या आधी तुलाच कळणार सगळं."

"हो, ते आहे."

"मग?"

"बरं," ताई म्हणाली.

औषधवाला दोन आठवडे भांडला. ताई एका शब्दावर थांबली. धाकट्याला वाटलं, तिला आवडलं.

त्या संध्याकाळी पाठ जरा सैल वाटतेय म्हणून तिने मला स्वतःच्या घरी नेलं. माझी पाठ ठणठणीत होती. तिच्या घरी मी पहिल्यांदाच गेले होते, आणि तिथे मला ते कळलं.

तिचं टेबल दाराकडे तोंड करून होतं. कुणी दार वाजवलं की खालच्या फटीत सावली हलते, ती बघून ती उठायची. शेगडीवर पाणी ठेवलं की समोर उभी राहायची, कारण भांडं खडखडलेलं तिला कळत नव्हतं. शेजारीण येऊन काहीतरी बोलून गेली. ताई तिच्या ओठांकडे बघत हसली, मान हलवली, आणि ती गेल्यावर तशीच उभी राहिली, काय बोलली असेल याचा विचार करत.

मग तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. कानाच्या तपासणीचा. त्यावर चौकटी होत्या आणि एक रेघ डावीकडून निघून उजवीकडे खाली खाली उतरत गेली होती. कागद तिने माझ्या टोककान्यांच्या पानावर ठेवला आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसली. मग पेन्सिल घेतली, आणि शिवणीजवळच्या समासात, प्रत्येक आवाजापुढे अगदी बारीक काहीतरी लिहिलं. सापापुढे, 'भुवया वर'. सापळ्यापुढे, 'श्वास घेऊन थांबतो'. जड पावलापुढे, 'डावीकडे बघतो, बोटं वाजवतो'. आपला भाऊ काय सांगताना कसा दिसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात वह्यांना काय तोटा. तिला दुसऱ्या कुठल्याही कागदावर लिहिता आलं असतं. तिने माझ्यातच लिहिलं. मला वाटतं, त्याने ते वाचावं, अशी तिची इच्छा असावी.

तपासणीचा कागद माझ्यातच राहून गेला होता. तिने पिशवी भरली, मला उचललं. मी मनात म्हटलं, राहू दे, तिकडे गेल्यावर तो उघडेल आणि त्याला सापडेल. पण दारापर्यंत जाऊन ती थांबली, मला उलटं धरून झटकलं, आणि कागद खाली पडला. मी तो धरून ठेवू शकले नाही. तेव्हापासून मला स्वतःचा राग आहे.

धाकट्याला यादी तोंडपाठ होती. ते पान त्याने पुन्हा उघडलंच नाही.

पहिले तीन रविवार छान गेले. घारीने साप ओळखला, सापळा ओळखला. "ताई, तुमचे कान म्हणजे कमाल आहे," बाई म्हणाल्या, आणि ताई हसली. ती धाकट्याच्या भुवयांवरून नजर हलवत नव्हती.

मग धाकट्याला वाटलं, सूत्रधाराचे कागद समोरच्यांना दिसतात, मजा जाते. टेबलावर उभा राहील असा पुठ्ठ्याचा पडदा हवा. ताईनेच कारखान्यातून करून आणला, तीन घड्यांचा, वीतभर उंच.

"हा बुटका झाला," तो म्हणाला. "मी दीड फूट सांगितला होता."

"एवढा पुरेल की. तुझं तोंडही दिसायला हवं आम्हाला."

"तोंड कशाला दिसायला हवं? आवाज येतोय ना."

पुढच्या रविवारी तिने दीड फुटांचा आणला.

त्याच्या पुढच्या रविवारी आणखी भर पडली. त्याने एक छोटा स्पीकर आणला आणि त्यावर किड्यांची किरकिर लावून ठेवली, वातावरण यावं म्हणून. खिडकीचे पडदे ओढले. आणि जंगल म्हणून तो कुजबुजत बोलू लागला. बाईंना काटा यायचा. औषधवाला मूठ आपटायची विसरायचा. इतकं सुंदर त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. आणि ताई अंधारात एका पुठ्ठ्याकडे बघत बसायची.

ती चुकू लागली. साप आला की डावीकडे पळायची. फांदी मोडली की हसायची. बाई म्हणायच्या, "ताई आज कारखान्यातून दमून आलेल्या दिसतात." धाकट्याची पेन्सिल मात्र माझ्यावर जास्त जोरात टेकायची.

शेवटचा रविवार मुळांच्या पुलाचा. खाली फेसाळलेली नदी, वर जिवंत मुळं विणून केलेला जुना पूल. घार सगळ्यांच्या पुढे होती.

"घारीला ऐकू येतंय," पडद्यामागून धाकटा कुजबुजला, "पलीकडच्या काठावर कुणीतरी करवत चालवतंय. सावकाश. मुळावर." तो थांबला. पुन्हा म्हणाला, "फक्त घारीलाच ऐकू येतंय हे. घार काय करते?"

आपल्याला काहीतरी विचारलंय, एवढं ताईला कळलं, कारण सगळे तिच्याकडे वळले होते. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. बाई उत्सुक दिसल्या. औषधवाला हसत होता, त्याला वाटत होतं घार आता काहीतरी भन्नाट करणार.

"घार पुढे जाते," ताई म्हणाली, "आणि सगळ्यांना हात करते, या म्हणून."

"नक्की?"

तिने मान हलवली.

खुजा पुलाच्या मधोमध आला आणि पूल गेला. औषधवाल्याने फासा टाकला. दोन. पुन्हा एक संधी होती. चार. सहा वर्षं सांभाळलेला तो खुजा, डिंकाच्या वेणीसकट, नदीत गेला.

 औषधवाल्याने आपल्या पात्राचा कागद उचलला, त्यावर उतरवून घेतलेलं दाढीचं चित्र पाहिलं, चार घड्या घालून खिशात ठेवला. ताई सगळ्यांकडे बघत होती. काय झालं ते तिला अजून समजलं नव्हतं, आणि तिच्या ओठांवर मघाचंच अर्धवट हसू होतं. ते हसू धाकट्याला दिसलं.

तो ताडकन उभा राहिला. मला त्याने टेबलावर आपटलं, माझी पहिली शिवण तिथेच सुटली.

"दोनदा सांगितलं तुला," तो म्हणाला. "लक्ष कुठे असतं तुझं? कान दिलेत ते कशाला दिलेत? ऐकायचंच नसेल तर येत जाऊ नकोस."

उभा राहिल्यामुळे त्याचं तोंड पडद्याच्या वर आलं होतं. त्या दुपारी ताईला नीट कळलेलं ते पहिलंच बोलणं.

ती उठली. "चुकलं माझं," एवढंच औषधवाल्याला म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

नंतर दोन रविवार तिने निरोप पाठवला, बरं वाटत नाहीये. तिसऱ्या रविवारी निरोपही आला नाही. धाकटाही गेला नाही. आपण सूत्रधार, आपलं काय चुकलं, असं त्याने मनात धरलं. औषधवाल्याने नवं पात्र केलं, पण त्यात जीव नव्हता. दोन महिन्यांत खेळ बंद पडला. बाईंचा चिमणमाणूस अजून त्या तुटलेल्या पुलाच्या अलीकडे उभा आहे.

सात महिने गेले. एक दिवस धाकट्याने मला कपाटातून काढलं, सुटलेली शिवण पाहिली, आणि त्याला निमित्त सापडलं. वही दुरुस्त करून घ्यायची. बहिणीकडे जायला माणसाला वहीचं निमित्त लागावं, हे मला विचित्र वाटलं, पण मी खूश होते.

आम्ही कारखान्यात पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. सगळी यंत्रं बंद. ताई खिडकीजवळ पाठमोरी बसून पुठ्ठ्यांना खळ लावत होती. कापायच्या यंत्रावर दुसरंच कुणी डबा खात बसलं होतं.

"ताई," धाकटा म्हणाला.

ब्रश वरून खाली चालत राहिला.

"ताई, अगं. मी आलोय."

ब्रश थांबला नाही. धाकट्याचा चेहरा पडला. अजून रागावलीय, असं त्याला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची ताईची मैत्रीण म्हणाली, "समोर जा तिच्या. मागून नाही कळत तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ऐकू येत नाही ना. तीन वर्षं तरी झाली. मध्यंतरी घंटाही कळेना, म्हणून मशीनवरून काढून इथे बसवलं." मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही सख्खे भाऊ ना?"

त्याने मला छातीशी धरलं होतं, त्याच्या बोटांचा घाम माझ्या पुठ्ठ्याला लागला. ताई आठ पावलांवर होती. आठ पावलं चालून समोर जायचं, एवढंच. तो वळला आणि बाहेर पडला.

घरी आल्यावर त्याने टोककान्यांचं पान उघडलं. समास पाहिला. 'भुवया वर.' 'श्वास घेऊन थांबतो.' 'डावीकडे बघतो, बोटं वाजवतो.' बावीसच्या बावीस नोंदी त्याने वाचल्या. मग कोपऱ्यात उभा असलेला तो दीड फुटी पडदा पाहिला, आणि तोंडावर हात ठेवून बसून राहिला.

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं. त्याला जे येत होतं ते त्याने केलं. टोककाने पुन्हा लिहिले, नऊ पानं. आता ते धबधब्यांच्या मुलखात राहतात. तिथे पाण्याच्या गर्जनेत कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून ते हातांनी बोलतात, फांदीवरून फांदीवर. जड पाऊल त्यांना तळव्यांतून कळतं, खोडातल्या थरथरीवरून. कान त्यांना आहेत, पण ते फक्त पावसाचं पाणी झटकायला. प्रत्येक खुणेसाठी त्याने हाताचं चित्र काढलं. इतकं चांगलं चित्र त्याने माझ्यावर कधी काढलं नव्हतं.

त्या रविवारी मला काखेत मारून तो ताईकडे निघाला. वाटेत तो तीनदा पुटपुटला, "त्या दिवशी मी तुला बोललो ते..." तिसऱ्यांदा वाक्य जवळजवळ पुरं झालं होतं.

ताईने दार उघडलं, त्याला पाहिलं, पाणी दिलं. मग मला घेऊन वाचत बसली. सगळी नऊ पानं. एका चित्रावर हसली.

"हे तीन बोटांचं कुणालाही जमणार नाही. मनगट मोडेल."

तोही हसला. तिच्या समोर सरकून, सावकाश म्हणाला, "मग येशील ना? पडदा काढलाय. ते किडेही नाहीत."

"म्हणजे टोककान्यांना आता ऐकू येत नाही."

"नाही."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

तिने मला मिटलं आणि हात वर ठेवला. "त्याच्या खुज्याच्या दाढीवरून तू दोन आठवडे त्याच्याशी भांडलास. त्याचं ऐकलंस. माझ्या घारीचं तेव्हाही तू एकट्यानेच ठरवलंस. आणि आताही एकटाच ठरवून आलास."

"तू सांगितलं नाहीस मला."

"नाही सांगितलं. माझंही चुकलं ते. लाज वाटायची रे. वाटायचं, कारखान्यात कळलं तर काम जाईल, आणि तुला कळलं तर तू मला सांभाळायला लागशील. तुला सांभाळलेली मी." तिने माझ्यावरचा हात उचलला. "घार आता राहू दे. दमले मी. रविवारी दुपारी मी शिकायला जाते, हातांनी बोलायचं. खरंखुरं. तिथे मैत्रिणीही झाल्यात."

धाकट्याच्या ओठांवर वाटेतलं ते वाक्य आलेलं मला दिसलं. आणि त्याने विचारलं, "वही घेऊन जाऊ?"

"राहू दे माझ्याकडे," ताई म्हणाली. "मागची पानं कोरी आहेत."

नऊ पानांनी माफीचं काम झालं, असं त्याला वाटलं असावं. माझी पानं इतकी काही जड नव्हती.

तेव्हापासून दोन वर्षं मी ताईकडे आहे. तिच्या कानामागे आता यंत्र आहे, पण रेघ आणखी खाली उतरलीय, त्यामुळे ज्यांना खुणा येत नाहीत ते माझ्यात लिहून बोलतात. शेजारीण लिहिते, 'उद्या पाणी येणार नाही.' बाई येतात, लांबलचक लिहितात, आणि जाता जाता दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारतात. औषधवाला यंत्रासाठी बटणाएवढ्या बॅटऱ्या घेऊन येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्याचं अक्षरही तसंच झालंय, ताईला ते लागत नाही, मग तो हाताने दाढीची वेणी करून दाखवतो आणि दोघं हसतात. त्यांचं केव्हाच मिटलं.

धाकटा दर रविवारी सकाळी येतो. तो लिहितो, 'चहा ठेवू?' 'खिडकी लावू?' 'कचेरीत नवे साहेब आलेत.' दोन वर्षांत त्याने माझ्यात पुष्कळ लिहिलं. मी सगळं नीट जपलंय, पण खरं सांगायचं तर त्यातलं काही नसतं तरी चाललं असतं.

एका रविवारी त्याने लिहिलं, 'त्या दिवशी मी'. आणि थांबला. ताई समोर बसून उलटं वाचत होती. तिने घाई केली नाही. तेवढ्यात दाराचा दिवा लुकलुकला, कुणीतरी घंटी दाबली होती, आणि ती उठून गेली. परत आली तेव्हा ते खोडलेलं होतं आणि खाली लिहिलेलं होतं, 'नळ गळतोय. पुढच्या रविवारी बघतो.' तिने वाचलं आणि मान डोलावली.

तो गेल्यावर तिने ते पान पुन्हा उघडलं. खोडलेल्या शब्दांवरून बोट फिरवलं. मग पान उलटून नव्या पानाच्या डोक्यावर लिहिलं, 'हं, पुढे?' पेन्सिल तिथेच आत ठेवली आणि मला मिटलं.

पुढच्या रविवारी त्याने नळ दुरुस्त केला. हात ओले होते म्हणून काही लिहिलं नाही, खुणेनेच येतो म्हणाला. त्याच्या पुढचे दोन रविवार तो आला नाही, कचेरीत काम होतं. त्या पानाला आता महिना होईल. ताई मधल्या काळात मला उघडते, इतरांसाठी मागची पानं वापरते, आणि पेन्सिल मात्र तिथून हलवत नाही. दुसरं पेन आणलंय तिने.

उद्या तो येणार आहे, तसा निरोप आलाय. धाकट्या, मी तुझी वही. तुझ्या हाताचा दाब मला माहीत आहे, आणि कुठे तो हलका पडतो तेही. तुझं जंगल मी उचललं, तुझ्या चुका उचलल्या, हे एक वाक्यही उचलीन. चांगलं अक्षर नको, चित्र तर नकोच. पेन्सिल ठेवलेली वही आपोआप त्याच पानावर उघडते. तेवढं माझ्या हातात आहे, आणि तेवढं मी करणार आहे.